कागदाचं कानातलं, भिजलं तर? हांजीचे दागिने बनवायचे अन् विकायचे कसे

कोरियन कागदाचे दागिने म्हटलं की समोरचा पहिला प्रश्न हाच विचारतो, कागद आहे हो, भिजला तर? म्हणून मी सगळं त्या प्रश्नाभोवतीच सांगणारे, कारण कागद निवडण्यापासून ते भाव सांगण्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी तो आडवा येतोच, आणि त्याचं उत्तर तुमच्या हातातल्या मालात नसेल तर कितीपण गोड बोला, गिऱ्हाईक परत येत नाही.

आधी कागद कसला ते बघा. हांजी म्हणजे कोरियाचा पारंपरिक हातकागद, तिकडं 'डाक' म्हणतात त्या तुतीच्या जातीच्या झाडाच्या आतल्या सालीपासून बनतो. साल राखेच्या पाण्यात उकळायची, स्वच्छ धुवायची, बडवून तिचे तंतू मोकळे करायचे, मग हौदात पाण्याबरोबर एका झाडाच्या मुळाचा चिकट रस घालायचा (आपल्या भेंडीच्या कुळातलंच झाड आहे ते) म्हणजे तंतू तळाला बसत नाहीत, आणि चौकटीवर तो लगदा पुढंमागं, डावीउजवीकडं हलवत उचलायचा. हे हलवणंच महत्त्वाचं, त्यामुळं लांब तंतू एकमेकांत आडवेतिडवे गुंततात आणि कागद कुठल्याच बाजूनं सहज फाटत नाही. जॉनजू हे गाव यासाठी नावाजलेलं. १९६६ साली ग्यॉंगजूच्या बुल्गुक्सा मठातल्या दगडी मनोऱ्यात आठव्या शतकातली छापील बौद्ध सूत्राची गुंडाळी सापडली, ती डाकच्याच कागदावर. म्हणजे बाराशे वर्षं टिकला कागद. आता तो काय कुणी कानात घालून पावसात हिंडत नव्हतं हे खरंय, पण गिऱ्हाइकाला सांगायला भारी पडतंय.

कागद आणायचा कुठून

आपल्या सोलापुरात मिळणार नाही, ऑनलाइनच मागवावा लागतो. मोठा कागद साधारण ६० बाय ९० सेंटीमीटरचा येतो, गुंडाळी करून. शिपिंग, कस्टम ड्युटी आणि आयजीएसटी (बाहेरून आलेल्या मालावरचा जीएसटी) वेगळा बसतो, तो धरूनच हिशोब करा, नुसती साइटवरची किंमत बघून खूश होऊ नका. आणि "हांजी" लिहून मशीनवर बनवलेला, लाकडाचा लगदा मिसळलेला कागदपण विकतात, तो स्वस्त असतो, डबे सजवायला चालतोय पण पिळायला घेतला की तुटतो. आल्याआल्या एक कोपरा ओला करून हळूच ओढून बघा, कडेला लांब केसांसारखे तंतू निघाले तर माल बरोबर.

सुरुवातीला सरावासाठी नेपाळचा लोकता कागद घ्या, तोपण सालीचाच, लांब तंतूचा, आणि आपल्याकडं सहज मिळतो. पुण्याचा चिंध्यांपासून केलेला हातकागद छान असतो पण त्याचे तंतू आखूड, त्यामुळं मणी आणि बुकमार्कपर्यंत ठीक, दोरी पिळायला नको. फक्त एक करा, लोकताचा माल कोरियन म्हणून विकू नका.

खळ

बाजारातला डिंक सोडा, खळ घरीच करायची. कोरियातपण जुन्या पद्धतीत गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात, आणि आपल्याकडं उन्हाळ्यात कुरडयांसाठी गव्हाचा चीक काढतात तो म्हणजे तोच स्टार्च की! कुरडया करताना एक वाटी घट्ट चीक बाजूला काढा, मीठ पडायच्या आधी. वरचं आंबट पाणी ओतून दोनतीनदा ताज्या पाण्यानं निथळून घ्या, मग चार-पाच वाट्या पाणी घालून मंद गॅसवर ढवळत शिजवा, पांढरेपणा जाऊन काचेसारखं दिसायला लागलं की उतरवा. गार झालं की पातळ फडक्यातून गाळा, गुठळी राहिली तर मण्यावर फोड दिसतो. फ्रिजमध्ये तीनचार दिवस राहते, वास आला की फेकून द्या. पुस्तक बांधणारे खळीत मोरचूद घालायचे कसर लागू नये म्हणून, ते इथं अजिबात नको, विषारी असतं आणि आपला माल अंगाला लागणार. मैद्याची खळ चालते का? चालते, पण पावसाळ्यात बुरशी लवकर धरते.

बनवायचं काय

मणी सगळ्यात सोपे. दोन सेंटीमीटर रुंद आणि पंचवीस-तीस लांब अशा निमुळत्या पट्ट्या काढा, रुंद बाजूकडून विणकामाच्या सुईवर गुंडाळा, पहिला वेढा कोरडा ठेवा म्हणजे सुईला चिकटत नाही, पुढं खळ लावत ओढून घट्ट गुंडाळत या. सैल गुंडाळलेला मणी वाळल्यावर पोकळ होतो आणि पाणी तिथूनच आत शिरतं. घट्ट गुंडाळणं म्हणाल तर आपल्या गावात बिडी वळून वळून बोटं तयार झालेल्या बायका घरोघरी आहेत, त्यांना एकदा दाखवलं की मी तासभर खपून करते ते त्या बोलत बोलत करून टाकतात. ऑर्डर वाढली तर मदतीला अशाच कुणाला तरी घ्या आणि नगावर पैसे द्या, पण नीट द्या, "घरी बसून जमतंय की" म्हणून पाडून मागू नका.

कापायला कात्री वापरू नका सगळीकडं. ओल्या ब्रशनं रेघ ओढा आणि रेघेवर हातानं हळू फाडा, कडेला मऊ तंतू सुटतात आणि हा हाताचा कागद आहे हे लांबूनच कळतं. दोन रंगांच्या अशा फाडलेल्या कडा एकमेकीवर आल्या की जोड दिसतच नाही.

दुसरी दोरी, तिला जिसंग म्हणतात. दीड-दोन सेंटीमीटरच्या पट्ट्या किंचित ओलसर करून बोटांत पिळायच्या, अशा दोन पिळलेल्या धाग्यांना उलट्या दिशेनं एकमेकांभोवती पीळ द्यायचा, मग तो सुटत नाही. कोरियात यापासून टोपल्या, ताटं, अगदी पाण्याची भांडीसुद्धा विणून वर एका झाडाच्या चिकाचा (लॅकरचा) लेप द्यायचे. आपण बांगडी, गळ्यातलं आणि राखी करायची. राख्या तर खरंच चालतात, फक्त जूनपासून कामाला लागा.

तिसरी जुमची, माझी लाडकी. दोनतीन कागद ओले करून एकावर एक ठेवायचे, चुरगाळायचे, उलगडायचे, परत चुरगाळायचे, मळायचे, दाबायचे, असं बराच वेळ, दिशा बदलत. तंतू एकमेकांत घुसतात, डिंकाशिवाय कागद एक होतात, आकसतात आणि चामड्यासारखा पोत येतो. साधा कागद यात दोन मिनिटांत लगदा होईल, म्हणून आधीची ओढून बघायची परीक्षा. वाळल्यावर यातून मोठे झुमके, पैशाची छोटी पाकिटं कापता येतात, आणि फोटोत हा पोत इतका छान येतो की बाकी काही सजवावं लागत नाही. वर ग्लिटर मारणाऱ्यांना माझा दंडवत.

चपटी कानातली करायची तर पाचसहा थर खळीनं चिकटवून वजनाखाली रात्रभर ठेवा, मग आकार कापून कड पॉलिश पेपरनं घासा. लाल, निळा, पिवळा, पांढरा, काळा हे कोरियातले पाच पारंपरिक रंग, आणि चादरीवरची चौकोनी फुलं, मोर यांच्या आकारात ते बसवले तर आपल्या गावचं काहीतरी होतं. (चादरीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाचं कायदेशीर संरक्षण आहे, तेव्हा "सोलापुरी चादर" हे नाव लेबलवर टाकू नका, नक्षीची प्रेरणा एवढंच म्हणा.)

वाळवणं आणि पाणी

गच्चीवर उन्हात वाळवू नका. एप्रिल-मेमधलं आपलं ऊन वरचा थर आधी कडक करतं, आतला ओला राहतो आणि तुकडा वाकडा होतो. सावलीत, जाळीवर, पूर्ण एक दिवस. फॅन बंद ठेवा नाहीतर घरभर मणी शोधत फिराल.

मग वॉटर बेस ॲक्रिलिक वार्निश, मॅट, तीन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर पुढचा. एकच जाड हात दिला तर प्लास्टिकसारखं दिसतं आणि कागद घेऊन फायदा काय मग. मण्याच्या भोकातून आणि कडांनापण वार्निश गेलंच पाहिजे, कारण घाम तिथूनच मुरतो. गडद लाल आणि निळ्याचा रंग सुटतो का हे आधीच बघा, ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून. प्रत्येक लॉटमधला एक नग पाण्याच्या वाटीत टाकून तासभर ठेवा, फुगला तर तो लॉट परत वार्निशला. हुक स्टेनलेस स्टीलचे घ्या, स्वस्तातल्या हुकानं कान चिघळला की दोष कागदालाच लागतो. नव्या पेठेतल्या, मधल्या मारुतीकडच्या कटलरीच्या दुकानांत विचारा, नाहीच मिळाले तर ऑनलाइन.

भाव

समजा कागद सगळं धरून ४०० ला पडला आणि त्यात २० जोड झाले, तर जोडीला २० रुपये. हुक-वार्निश १५, डबी १५. तुमचा वेळ पाऊण तास, तासाला ८० धरा, म्हणजे ६०. झाले ११०. विक्री २५० ठेवा, दुकानात ठेवायला दिलं तर दुकानदाराला ३०-४० टक्के सोडूनही चार पैसे राहतात. स्वतःचा वेळ न धरता १२० ला विकणाऱ्या खूप आहेत, सहा महिन्यांत थकून बंद करतात.

विकायचं कुठं

आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल टाकावा असं सगळ्यांनाच वाटतं. गर्दी प्रचंड, पण शेजारी ३० रुपयांच्या कानातल्यांचा ढीग असताना २५० ची जोडी तिथं कोण घेणार, तिथं बुकमार्क आणि साध्या मण्यांच्या माळाच न्या. त्याच दिवसांत संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, वाणासाठी एकदम पन्नास-शंभर छोट्या डब्यांची ऑर्डर मिळू शकते, त्यासाठी नोव्हेंबरपासूनच सोसायट्यांच्या ग्रुपवर फोटो टाकायला लागा. नवरात्रात नऊ रंगांची नऊ कानातली एका डबीत, हा सेट नक्की करा, कागदाचं वजनच नसतं त्यामुळं ऑफिसला दिवसभर घालून कान दुखत नाहीत. आणि के-ड्रामा (कोरियन मालिका) बघणाऱ्या कॉलेजच्या पोरी, त्यांना हांजी काय ते सांगावंच लागत नाही, त्या तुम्हालाच सांगतील.

स्टॉलवर एक जिसंगची दोरी ठेवा आणि "तोडून दाखवा" म्हणा. लोक जोर लावतात, हसतात, मग आपोआप किंमत विचारतात. रीलमध्येपण हेच दाखवा, आणि पाण्याच्या वाटीतला मणी.

ऑनलाइन साइटवरून राज्यातल्या राज्यात विकायला ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्याला जीएसटी नंबर लागत नाही, जीएसटीच्या पोर्टलवर एनरोलमेंट नंबर घेतला की झालं. राज्याबाहेर पाठवायचं असेल तर आधी सीएला विचारा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका.

डबीत एक छोटी चिठ्ठी टाका मराठीत: आंघोळीला काढून ठेवा, सेंट आधी मारा आणि मग घाला, ओलं झालं तर पुसून सावलीत वाळवा, हेअर ड्रायर नको. आणि खाली फोन नंबर, हुक निसटला तर फुकट बसवून देऊ असं लिहून. लोक हुक बसवायला येतात आणि जाताना वहिनीसाठी एक जोड घेऊन जातात.