बोर्ड लॅपटॉपला दिसतच नाही? मग आधी या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कोणाचा तरी मेसेज येतो, "दादा बोर्ड डिटेक्ट होत नाहीये, मेला वाटतं." बोर्ड म्हणजे आर्डुइनो, नोडएमसीयू असले, लॅपटॉपवरून प्रोग्राम टाकून चालवायचे छोटे सर्किट बोर्ड. शंभरातले बहुतेक बोर्ड मेलेले नसतात हो. आपणच उतावळेपणा करून त्यांना मारायला निघालेलो असतो.

सगळ्यात आधी केबल. हसू नका, इथेच सगळे अडकतात. यूएसबी केबलमध्ये चार तारा लागतात, लाल-काळी पॉवरची आणि हिरवी-पांढरी डेटाची. पॉवर बँक, ट्रिमर, ब्लूटूथ स्पीकर यांच्यासोबत येणाऱ्या कितीतरी केबल्समध्ये नुसती पॉवरची जोडी असते. बोर्डावरचा लाइट लागतो, आधी टाकलेला लाइट मिचकावणारा ब्लिंकचा प्रोग्राम पण चालतो, आणि लॅपटॉपला मात्र काही लावलंय याचा पत्ताच नसतो. लाइट लागला म्हणजे वीज पोचली, बास. त्यापुढे त्याचा काही अर्थ नाही.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा, फायनल इयरचा, दुसऱ्या दिवशी सबमिशन आणि रात्री दहाला फोन. नोडएमसीयू दिसत नाही म्हणून तोपर्यंत पठ्ठ्याने आर्डुइनो आयडीई (बोर्डात प्रोग्राम टाकायचं सॉफ्टवेअर) तीनदा काढून टाकून परत टाकलं होतं, कुठल्या कुठल्या साइटवरून ड्रायव्हर (लॅपटॉपला बोर्ड ओळखायला लावणारं सॉफ्टवेअर) घेतले होते, त्यात एक "ड्रायव्हर अपडेटर" पण घुसला होता जो दर दोन मिनिटांनी पैसे मागत होता, आणि मी पोचलो तेव्हा साहेब विंडोज फॉरमॅट करायच्या तयारीत. मी म्हटलं केबल बदलून बघितलीस का, तर म्हणाला हो दोन बदलल्या. झालं, मी पण फसलो आणि तासभर ड्रायव्हरच चिवडत बसलो. शेवटी वैतागून केबल हातात घेतल्या तर दोन्ही पॉवर बँकेसोबत आलेल्या! त्याच्या आईच्या जुन्या फोनची केबल लावली आणि लगेच टुडुंग आवाज आला, कॉम पोर्ट, म्हणजे लॅपटॉपचा बोर्डाशी बोलायचा मार्ग, हजर. घरी येऊन त्यातली एक केबल कापून बघितली, आत दोनच तारा. तेव्हापासून "केबल बदलली" हे कोणाचंही ऐकत नाही. त्याच केबलने फोन लॅपटॉपला लावायचा आणि फोनवर फाइल ट्रान्सफरचा पर्याय येतो का बघायचं, आला तरच ती केबल. माझ्या खात्रीच्या केबलला मी लाल नेलपेंट लावून ठेवलंय, ती घरात कोणाला चार्जिंगला देत नाही, यावरून भांडणंही झालीत.

टाइप-सी वाल्या स्वस्त बोर्डांची वेगळीच गंमत. दोन्हीकडे टाइप-सी असलेली केबल लावली की लाइटसुद्धा लागत नाही, आणि लोक लगेच रिटर्न टाकतात. त्या पोर्टवर ५.१ किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते बघूनच लॅपटॉप ५ व्होल्ट सोडतो. बनवणाऱ्याने दोन रेझिस्टरचे पैसे वाचवलेले असतात. एका बाजूला जुनं चपटं यूएसबी असलेली केबल लावा, चालतं.

आता ड्रायव्हर. विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची यादी) उघडून बोर्ड लावा, काढा, परत लावा. यादी हलतच नसेल तर ड्रायव्हरला हात लावू नका, केबल, पोर्ट किंवा बोर्ड बघा. "अननोन डिव्हाइस, डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड" आलं तरी बहुतेक वेळा तेच. "यूएसबी सीरियल" असं काहीतरी नाव आणि पिवळा त्रिकोण दिसला तर मात्र ड्रायव्हर हवा. कुठला? मोबाइलचा कॅमेरा झूम करून यूएसबीजवळ बोर्ड आणि यूएसबी जोडणारी चिप असते, तिच्यावरचं नाव वाचा, सीएच३४० आहे का सीपी२१०२, आणि ड्रायव्हर त्या चिपच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. पाच सेकंदाचं काम आहे पण ते न करता लोक चार व्हिडिओ बघतात.

उबंटू २२.०४ वाल्यांनो, तुमच्यासाठी खास. सीएच३४० चा बोर्ड लावला की पोर्ट क्षणभर येतो आणि गायब होतो. हा बीआरएलटीटीवाय नावाच्या प्रोग्रामचा उद्योग. तो दृष्टिहीन लोकांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी असतो आणि तुमचा बोर्ड म्हणजे ब्रेल डिस्प्लेच समजून पोर्ट धरून बसतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर काढून टाका. पोर्ट दिसतोय पण "परमिशन डिनाइड" येतंय? स्वतःला डायलआउट ग्रुपमध्ये (या ग्रुपला सीरियल पोर्ट वापरायची परवानगी असते) टाका आणि लॉगआउट करून परत या. दरवेळी सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, आयडीई चालवणारे लोक मला आवडत नाहीत.

बाकी पटापट. यूएसबी हब काढा, थेट लॅपटॉपला लावा. रिले, मोटर, सेन्सर सगळं सोडवून बोर्ड एकटा लावून बघा, ब्रेडबोर्डवर (वायरी खोचायच्या पट्टीवर) ५ व्होल्ट आणि ग्राउंड चिकटले असले तर लॅपटॉप पोर्टच बंद करतो. नवीन रास्पबेरी पाय पिको बोर्ड कॉम पोर्ट दाखवणार नाही, बूटसेल बटण दाबून धरून लावा, पेन ड्राइव्हसारखा दिसेल. आणि कॉम पोर्ट दिसतोय पण अपलोड होत नाही, ही वेगळी तक्रार आहे, कृपया "डिटेक्ट होत नाही" म्हणू नका. आर्डुइनो उनोच्या ० आणि १ पिनवर ब्लूटूथ मॉड्यूल असेल तर आधी ते काढा, क्लोन (नक्कल केलेला) आर्डुइनो नॅनो असेल तर आयडीईत ओल्ड बूटलोडर (बोर्डात नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम) निवडून बघा.

पोर्ट येतो पण बोर्ड काही केल्या बोलत नाही, तेव्हा उनोवर मी रिसेट पिन ग्राउंडला जोडतो, ० आणि १ एका वायरने जोडतो, आणि आयडीईच्या सीरियल मॉनिटरमध्ये (बोर्डाशी मजकूर देवाणघेवाण करायची खिडकी) काहीतरी टाइप करतो. तेच परत आलं तर केबल, ड्रायव्हर, यूएसबीची चिप सगळं ठीक, गडबड मुख्य चिपमध्ये. ती बोट टेकवत नाही इतकी तापली असेल तर लगेच काढा, गेली ती. मग मी विचारतो, १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर कुठल्या पिनला लावला होतास? पलीकडे जरा वेळ शांतता, मग बारीक आवाजात, "५ व्होल्ट लिहिलंय तिथे."