‘इंडस्ट्रियलायझेशन’ म्हणताना या चुका टाळा

सिलॅबल म्हणजे अक्षर नव्हे; एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. हे मी वर्गात इतक्यांदा सांगितलंय की खडूही कंटाळला असेल. तरी मुलं लांब शब्द दिसला की आधी देवनागरीत लिहितात आणि बोटं मोजायला लागतात.

हसण्याचा हक्क मला नाही. शिकवण्याच्या पहिल्याच वर्षी मी फळ्यावर ‘इंडस्ट्रियलायझेशन’ लिहून अख्ख्या वर्गाकडून दर सिलॅबलला एक अशा टाळ्या वाजवून घेतल्या : इं, ड, स्ट्रि, य, ला, य, झे, श, न. नऊ! मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, ‘‘सर, डिक्शनरीत सातच तुकडे आहेत.’’ मी ठणकावून सांगितलं, छपाईची चूक असेल. घरी येऊन पाहिलं, तर चूक माझीच. इन्-डस्-ट्रि-अ-लाय-झे-शन. ‘लाय’मधला य आणि ‘शन’मधला न यांना स्वतःचा स्वर नाही, मग त्यांची वेगळी टाळी कशाला? दुसऱ्या दिवशी वर्गात कबूल केलं. ती मुलगी गालात हसत होती.

तेव्हापासून स्वर ऐकू आला तरच बोट उचलायचं, ही माझी सवय.

दुसरी खोड म्हणजे मूळ शब्दाचा आघात, म्हणजे एका सिलॅबलवरचा जोर, शेवटपर्यंत ओढत नेणं. ‘इंडस्ट्री’त जोर ‘इन्’वर, ‘इंडस्ट्रियल’मध्ये ‘डस्’वर, ‘इंडस्ट्रियलायझेशन’मध्ये ‘झे’वर. प्रत्यय लागला की जोर सरकतो. म्हणून मी शब्द मागून सोलतो : ‘एशन’ काढा, ‘आइझ’ काढा, ‘अल’ काढा, उरते इंडस्ट्री. घाईची मंडळी सोलत नाहीत, थेट ‘इंडस्ट्रीलायझेशन’ म्हणून मोकळी होतात.

‘शेवटून दुसऱ्यावर जोर द्या’ हा झटपट नियम ‘शन’वाल्या शब्दांपुरता चालतो. ‘रिस्पॉन्सिबिलिटी’त जोर ‘बि’वर, म्हणजे शेवटून तिसऱ्यावर. ‘मेंट’ तर काहीच हलवत नाही : डेव्हलप आणि डेव्हलपमेंट, दोन्हींत जोर दुसऱ्याच सिलॅबलवर.

जोर म्हणजे ओरडणं नव्हे. तो स्वर जरा लांबतो, चढतो, बाकीचे आक्रसतात.

‘प्रोनाउन्सिएशन’ म्हणू नका, ‘प्रोनन्सिएशन’ म्हणा. ‘नाउन्स’ क्रियापदात, नामात ‘नन्’.

आणि आयपीएतली (डिक्शनरीत उच्चार दाखवायची आंतरराष्ट्रीय चिन्हलिपी) ती उभी बारीक रेघ आघाताच्या सिलॅबलच्या आधी असते, नंतर नाही. वरची रेघ मुख्य आघाताची, खालची दुय्यम. ‘इंडस्ट्रियलायझेशन’मध्ये खालची ‘डस्’च्या आधी, वरची ‘झे’च्या आधी. मी अजूनही पेन्सिलीने वरच्या रेघेपुढच्या सिलॅबलला गोल करतो, मगच तोंड उघडतो.