लिलावाच्या साइटवर विकता विकता स्वतःच्या दुकानाचं नाव कसं करायचं

नंदुरबारच्या बाजार समितीत मिरचीची बोली सुटली की माल कुणाच्या शेतातला होता हे घेणाऱ्याच्या लक्षात राहत नाही. ईबे या लिलावाच्या साइटवरही तसंच होतं. हार आवडला तरी ग्राहक 'ईबेवरून घेतला' एवढंच सांगतो. त्यामुळे लिलावातून स्वतःचं ऑनलाइन दुकान वाढवायचं असेल, तर पुढच्या वेळी त्याने तुमचं नाव स्वतःहून शोधावं एवढी सोय आपण करायची. ईबेवर दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता सांगायला गेलात तर खातं जाईल.

ईबेची भारतातली साइट ऑगस्ट 2018 मध्ये बंद झाली. आता इथून विकायचं ते परदेशातल्या ग्राहकाला. पापड, केळीचे वेफर्स, काळा मसाला लिलावात लावू नका. प्रत्येक देशाचे खाद्यपदार्थांचे नियम वेगळे आणि वस्तू नाशवंत. सातपुड्याच्या पायथ्याचे मण्यांचे दागिने, केळीच्या धाग्याच्या पिशव्या, हाताने घडवलेली चांदी हा लिलावाचा माल. बांबूची वस्तू ऑस्ट्रेलियाला पाठवताना तिथली जैवसुरक्षा तपासणी आडवी येते. घरात सापडलेली जुनी नाणी विकायचा मोहही आवरा: 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

माल बाहेर पाठवायला आयात-निर्यात कोड लागतो. तो पॅनवर ऑनलाइन निघतो, फी 500 रुपये. पार्सलसाठी जवळचं डाकघर निर्यात केंद्र कोणतं, ते हेड पोस्टात विचारा.

नाव

दुकानाचं, खात्याचं आणि इन्स्टाग्रामचं नाव एकच हवं. ईबेच्या युजरनेममध्ये वेबसाइटचा पत्ता चालत नाही, म्हणजे शेवटी 'डॉट कॉम' नको. नुसतं नाव चालतं. इथे खरी अडचण स्पेलिंगची येते. समजा नाव 'तापीकाठ' ठरवलं. रोमन लिपीत 'तापी'त ए एक की दोन? 'काठ'मध्ये एक की दोन? परदेशी ग्राहक ऐकून नाही, पाहून टाइप करतो, म्हणून सगळीकडे एकच स्पेलिंग ठेवा. लोक ज्या स्पेलिंगमध्ये चुकू शकतात त्याचं एखादं डोमेनही (वेबसाइटचं नाव) घेऊन ते मुख्य दुकानाकडे वळवा. अहिराणी शब्द कानाला गोड लागतो, पण तो टाइप करता येईल का हे तालुक्याबाहेरच्या दोघा-तिघांना विचारून पाहा.

लिस्टिंगमध्ये काय चालतं

लिस्टिंग म्हणजे विकायच्या वस्तूचं साइटवरचं पान. त्याच्या वर्णनात, फोटोत किंवा ग्राहकाला पाठवलेल्या मेसेजमध्ये दुकानाची लिंक, फोन नंबर, ईमेल देता येत नाही. 'माझ्याकडून थेट घ्या, स्वस्त पडेल' असं नुसतं सुचवलं तरी तो नियमभंगच. लिस्टिंग काढली जाते, वारंवार झालं तर खातं बंद होतं. 'तुमची माहिती' पानावरून दुकानाची लिंक द्या, असा सल्ला जुन्या लेखांत अजून सापडतो. तो काळ गेला.

फोटोवर नंतर चिकटवलेला मजकूर आणि वॉटरमार्कही चालत नाही. मग ओळख कशी ठेवायची? पार्श्वभूमीने. सगळ्या वस्तू एकाच रंगाच्या घोंगडीवर, एकाच खिडकीच्या उजेडात ठेवून काढा. दहा लिस्टिंगनंतर ग्राहक नाव न वाचता ओळखतो. लांब बाजू 1600 पिक्सेल ठेवा, म्हणजे मणी मोठे करून पाहता येतात. शीर्षकाला 80 अक्षरं मिळतात. ती वस्तू, साहित्य, रंग, माप यांवर खर्च करा. दुकानाचं नाव शीर्षकात घालणं म्हणजे जागा वाया, अजून ते कुणी शोधत नाही.

लिलाव संपण्याची वेळ ग्राहकाच्या घड्याळाने धरा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे सोमवारची सकाळ असते, उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. सात दिवसांचा लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी संपतो, म्हणून सुरुवातीची वेळ आधी शेड्यूल करून ठेवा. ऐनवेळी लाइट गेली तरी चिंता नाही.

सुरुवातीची किंमत? समजा माल 180, मजुरी 150, पॅकिंग 40, म्हणजे 370 रुपये झाले. त्यावर साइटचं कमिशन आणि पैसे रुपयांत बदलतानाची कपात धरून खालची बोली ठरवा, पोस्टेज वेगळं. नव्या खात्यावर बघे कमी असतात. 'दोन डॉलरपासून' लावलेली वस्तू खरोखर दोन डॉलरलाच जाते. आणि नाशिकच्या आतेभावाला बोली वाढवायला सांगू नका. तो 'शिल बिडिंग'चा गुन्हा धरला जातो, आणि एकाच फोनवरून दोन खाती उघडलेली असली तर साइटला ते कळू शकतं.

पार्सल आणि पुढे

दुकानाचं कूपन किंवा कॅटलॉग पार्सलमध्ये टाकणं म्हणजे साइटबाहेर विक्रीचा प्रयत्नच धरला जातो. पण वस्तूला शिवलेल्या किंवा बांधलेल्या लेबलावर ब्रँडचं नाव असू शकतं, पाठवणाऱ्याच्या पत्त्यात दुकानाचं नाव असतंच, आणि 'पाण्यात भिजवू नका, दोरा सैल झाला तर असा ओवा' अशी निगेची चिठ्ठी ग्राहक सांभाळून ठेवतो. तिच्यावर नाव मोठं छापा, वेबसाइटचा पत्ता नको. लिलावातून मिळालेले पत्ते आणि ईमेल जाहिरातीच्या यादीत घालू नका. संमती दुकानावरच घ्या.

उलट दिशेने मात्र मोकळीक आहे. स्वतःच्या दुकानावर 'या आठवड्याचा लिलाव' असं पान करून ईबेची लिंक देता येते, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर आणि इन्स्टाग्रामवरही सांगता येतं. एकच नग असलेली वस्तू लिलावात लावा, त्याच घाटाचे जोड आणि मापांचे पर्याय दुकानात ठेवा. बोली हरलेले लोक नाव शोधत आले, तर त्यांना तशीच वस्तू तिथे मिळाली पाहिजे. दुकानाच्या पहिल्या पानावर लिलावातलीच घोंगडी, तोच उजेड दिसू द्या. नाहीतर आपण योग्य जागी आलो की नाही या शंकेने माणूस मागे फिरतो.

परिणाम मोजायला दर महिन्याला गूगल सर्च कन्सोल (वेबसाइटवाल्यांसाठीचं गूगलचं साधन) उघडून दुकानाचं नाव किती वेळा शोधलं गेलं ते पाहा. तीन महिन्यांत आकडा हललाच नाही, तर आधी लेबलावरचं स्पेलिंग तपासा.