राज्यघटनेची कलमं पाठ होतात आणि परीक्षेत उडतात, तेव्हा काय करायचं

अभ्यासिकेत रोज ऐकतो, "पाच वेळा वाचलं, तरी आठवत नाही." नुसतं पाच वेळा वाचलं, म्हणूनच आठवत नाही.

आधी पाच-सहा कलमं घ्या आणि अर्थ समजून एकदा नीट वाचा. एवढं पुरे.

आता पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. पानात बोट अडकवून ठेवायचं आणि जरा अडलं की उघडून बघायचं, हे मी दोन वर्षं केलं. कृपा करून करू नका. डोकं खाजवत बसण्याची ती दोन मिनिटंच खरा अभ्यास आहे. २००६ साली रोएडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा वाचायला दिला, तर काहींना न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, आठवड्यानंतर लिहिणारे. ओळखीचं वाटणं वेगळं आणि आठवणं वेगळं.

माझी ३५२ आणि ३५६ ही कलमं अशीच गेली. परीक्षेत पान डोळ्यांसमोर आलं, हायलायटरचा पिवळा पट्टासुद्धा दिसला, पण आकडा काही दिसेना. सारख्या गोष्टी एकमेकींच्या आठवणीत लुडबुड करतात. म्हणून अशी जोडी एकाच दिवशी पाठ करू नका. आधी ३५२ पक्कं करा, म्हणजे राष्ट्रीय आणीबाणीची कारणं: युद्ध, परकीय आक्रमण, सशस्त्र उठाव. दोन-तीन दिवसांनी ३५६ घ्या, म्हणजे राष्ट्रपती राजवटीचं कारण: राज्यातली घटनात्मक यंत्रणा कोलमडणं. मग दोन्ही शेजारी मांडून फरक स्वतःच्या शब्दांत लिहा.

उजळणी दुसऱ्याच दिवशी हवी. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि ते १८८५ मध्ये प्रसिद्ध केले. पहिल्या दिवसातच बहुतेक गळती झाली होती, पुढच्या महिन्याभरात त्यामानाने थोडीच. म्हणून "रविवारी सगळं एकदम बघू" हा सल्ला मला अजिबात पटत नाही. दुसरा दिवस, चौथा दिवस, मग आठवडा, मग महिना. आणि दर वेळी पुस्तक मिटूनच.

रात्री झोपा. आठवण पक्की व्हायला झोपेची मदत होते.

चुकलेल्या कलमासमोर वहीत तारीख टाका. लागोपाठ तीनदा बरोबर आलं, की ते महिन्यावर ढकला. पुन्हा चुकलं, तर उद्याच्या यादीत सगळ्यात वर.