आधी रायफल खाली घ्यायला शिका

दर शनिवारी सकाळी मी पुण्यातल्या नेमबाजीच्या एका रेंजवर नवीन मुलांना उभं राहायला शिकवतो. हो, उभं राहायलाच. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेने पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून नेम) कांस्य घेतलं, आणि त्यानंतर आमच्याकडे पालकांची रीघ लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा रेल्वेत टीसी असलेला मुलगा. खाशाबा जाधवांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूने मिळवलेलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. रीघ लागणारच. पण पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. बंदूक कितीला पडते? लायसन्स लागतं का? आणि तिसरा जरा आवाज खाली आणून: घरात असली की चोरांना धाक बसेल ना?

उत्तरं देतो, पण माझ्या क्रमाने.

मी कुडाळकडचा. आमच्या आजोकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. नळीत दारू घालायची, वर काथ्या, गजाने ठासायचं, मग छर्रे, पुन्हा काथ्या, पुन्हा गज, शेवटी केप. एवढं होईपर्यंत डुक्कर नाचणी खाऊन घरी जाऊन झोपेल. त्यामुळे आजो बार जवळजवळ काढतच नसे. डबा बडवायचा, हाकारे घालायचा. एकदा मी हट्ट धरला तर म्हणाला, “आवाजानच डुकर पळता, मग बार फुकट कित्याक घालवचो?” निवडणूक आली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा व्हायची आणि त्याला त्याचं काडीचंही दुःख नसायचं. मला मात्र वाटायचं, एवढी बंदूक असून हा माणूस ती वापरत का नाही. पुढे कोल्हापुरात कॉलेजला असताना एकोणिसाव्या वर्षी मी दहा मीटर एअर रायफल हातात घेतली, ती हाच प्रश्न डोक्यात घेऊन. कोल्हापूर म्हणजे तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांचं गाव. एक २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (झोपून नेम) विश्वविजेती, दुसरी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्णपदक घेऊन आलेली. तिथे रिक्षावाल्यालाही नेमबाजीवर मत असतं.

पहिले अडीच महिने मला एकही पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, मिळालं नाही. रायफल उचल, गालाला लाव, रिंगमध्ये रिंग बसव, खाली घे. पुन्हा उचल. याला होल्डिंग म्हणतात. त्यानंतर ड्राय, म्हणजे पेलेट न भरता ट्रिगर दाबायचा. मला तेव्हा वाटलं, पेलेट वाचवण्यासाठी चाललंय. आता वाटतं, अडीच महिने कमीच होते.

कारण लक्ष्य काय आहे ते समजून घ्या. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ फक्त अर्धा मिलिमीटर व्यासाचं असतं, टोकदार पेनने दिलेल्या ठिपक्याएवढं. पेलेट साडेचार मिलिमीटरचं असल्यामुळे ते ठिपक्याला कडेने जरी शिवलं तरी दहा मिळतात. म्हणजे दहा मीटरवरून चूक अडीच मिलिमीटरच्या आत ठेवायची. १०.९, म्हणजे एका शॉटचे सर्वाधिक गुण, हवे असतील तर पाव मिलिमीटरच्या आत. दंडाच्या ताकदीवर हे होत नाही. डावं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवून रायफलचं वजन हाडांवरून थेट जमिनीत सोडावं लागतं. ती साडेपाच किलोपर्यंतची असू शकते, आणि साठ शॉट म्हणजे ती किमान साठदा उचलायची.

नव्या मुलांची हमखास होणारी चूक इथेच असते. रायफल टार्गेटच्या डावीकडे जातेय असं दिसलं की ते हाताने उजवीकडे ढकलतात. ढकललेला स्नायू ट्रिगर दाबताना सैल पडतो आणि शॉट पुन्हा डावीकडे. उपाय साधा आहे. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन श्वास सोडा, डोळे उघडा. साइट, म्हणजे नेम धरायची रिंग, जिथे दिसेल तिथेच तुमचं शरीर रायफल नेऊ पाहतंय. ती टार्गेटवर नसेल तर पाय सरकवा, हात नाही. मागचा पाय बोटभर सरकला तरी फरक पडतो. ही गोष्ट मला कळायला एक वर्ष लागलं, तुम्हाला फुकट सांगतोय.

आणि वेळ. साइट स्थिरावल्यावर सहा-आठ सेकंदांत शॉट गेला तर गेला. नाही गेला तर डोळा थकतो, ऑक्सिजन कमी होतो, आणि मन म्हणतं “आता सोडून टाक”. तेव्हा रायफल खाली घ्यायची. सोपं वाटतं ना? स्पर्धेत हे करायला छाती लागते. साठ शॉटना ७५ मिनिटं असतात, आधी सरावाची १५ वेगळी. म्हणजे वेळ भरपूर असतो. तरीही नवा माणूस रायफल खाली घेत नाही, कारण त्याला वाटतं आजूबाजूचे बघतायत. कोणी बघत नसतं. प्रत्येकाला आपलीच पडलेली असते.

माझा एक प्रमाद सांगतो. सहाव्या महिन्यात एका क्लबच्या रेंजवर ड्राय करत होतो. मध्ये मित्राशी गप्पा झाल्या, परत उभा राहिलो, रायफल अजून जमिनीकडे असताना सहज ट्रिगरला बोट लावलं, आणि पेलेट माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर फरशीवर आपटलं. भरल्याचं मला आठवतच नव्हतं. प्रशिक्षक ओरडले नाहीत. रायफल काढून घेतली आणि पंधरा दिवस मला लेनच्या मागे खुर्चीवर बसवलं. काम एकच: इतरांच्या रायफलीत सेफ्टी फ्लॅग आहे की नाही ते बघून वहीत टिक करणं. ती नारिंगी दोरी नळीतून आरपार दिसली तरच रायफल रिकामी. ‘रिकामी असेल’ हा शब्दप्रयोग रेंजवर चालत नाही. एअर रायफल आहे म्हणून हसू नका, जवळून डोळा जाऊ शकतो.

आता पैसे. परदेशी मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची, अडीच-तीन लाखांच्या घरात जाते, जॅकेट-ट्राउझर-बूट वेगळे. पहिल्या वर्षी यातलं काही घेऊ नका. क्लबची रायफल वापरा. घ्यायचंच असेल तर आधी बूट आणि मापाचं जॅकेट. मी उलटं केलं होतं: एका दुकानदाराने ‘अंगात भराल’ म्हणून दोन नंबर मोठं जॅकेट गळ्यात मारलं. ते आजही वाढत्या अंगाची वाट बघत कपाटात लटकलंय. सेकंडहँड रायफल घेत असाल तर तिच्या हवेच्या सिलिंडरवर छापलेली तारीख वाचा. मुदत संपलेलं २०० बार दाबाचं सिलिंडर स्पर्धेला चालत नाही, आणि खांद्याजवळ ठेवण्यासारखंही नसतं. पेलेट शिशाची असतात, तेव्हा डब्यातली चपाती खाण्याआधी साबणाने हात धुवा. हे मी रोज सांगतो आणि रोज कोणीतरी विसरतं.

लायसन्स. ४.५ मिलिमीटर कॅलिबरच्या, २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. मॅच रायफल त्याच्या बरीच खाली, साडेसात ज्यूलच्या आसपास असते. तरी बिल आणि संघटनेचं ओळखपत्र बॅगेत ठेवाच. एसटीत कंडक्टर ‘क्रिकेटचं किट का?’ विचारतो, पण नाक्यावरचा हवालदार तेवढा भाबडा नसतो. पॉइंट टू-टू, म्हणजे काडतुसाची रायफल, घ्यायची वेळ आली की मात्र शस्त्र कायदा १९५९ लागू होतो: एकवीस वर्षं वय, पोलीस पडताळणी, जिल्हाधिकारी किंवा शहरात पोलीस आयुक्तांची मंजुरी. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. लग्नात हौसेने हवेत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नवरदेवाच्या मामांना आधीच सांगून ठेवा.

आणि तो तिसरा प्रश्न. माझ्या काकांनी मला बजावलं होतं, “तू आता नेमबाज, बंगल्याला दुसरी राखण कशाला?” काका, तुमच्या बेडरूममध्ये रात्री दोन वाजता चष्मा सापडत नाही. स्पर्धेची रायफल दहा मीटरवरच्या न हलणाऱ्या कागदासाठी बनवलेली असते. चोरासमोर ती लांबलचक अडचण आहे, आणि तिला बघून त्याने खरं हत्यार काढलं तर? परवान्याची पिस्तूल म्हणाल, तर ती नियमाप्रमाणे कुलपात हवी. उशाशी भरून ठेवली तर आधी नातवंडांच्या हाती लागते. माझी रायफल घरी केसमध्ये कुलूपबंद असते, सिलिंडर काढून, पेलेटची डबी दुसऱ्या कपाटात. काकांच्या बंगल्याला मी मागच्या दाराला आतून आडणा, खिडक्यांना भिंतीत रोवलेलं ग्रिल आणि अंगणात माणूस हलला की पेटणारा दिवा सुचवला. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगा, स्टेटसवर फोटो परत आल्यावर टाका. काही खुट्ट वाजलं तर दार लावून घ्या आणि ११२ लावा. काकांना हे फारच मिळमिळीत वाटलं. आडणा मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून करून घेतला.

या खेळाने नोकरी मिळते का, हेही विचारतात. मिळते. राज्य शासनात प्रावीण्यप्राप्त खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, रेल्वे, सैन्यदल, पोलीस आहेत. पण त्याआधी जिल्हा, मग राज्याची कॅप्टन इझिकेल स्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा, मग नॅशनल असा साधारण रस्ता आहे. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब. १९५१ ची राष्ट्रीय रायफल संघटना त्यांनीच उभी केली.) मी मावळंकरपर्यंत पोचलो आणि थांबलो. पहिल्या स्पर्धेत ६५४ पैकी ५४१ होते, शेवटच्या राज्य स्पर्धेत ६१२.३. त्या दिवशी एकेचाळिसाव्या शॉटला हात थरथरायला लागला होता. रायफल सलग चार वेळा खाली घेतली. पाचव्यांदा १०.६ आला. आजोला फोनवर सांगितलं, तर त्याला १०.६ कळलं नाही, चार वेळा खाली घेतली ते बरोबर कळलं.

पहिल्या दिवशी येताना सपाट तळाचे बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि पाण्याची बाटली आणा. चहा पिऊन येऊ नका. नाडी रायफलच्या टोकाला उडताना दिसते.