चिलापीच्या पुढचा मासा गळाला कसा लावावा

गळाला माशाची नवी जात लावायची म्हटलं की लोक आधी मसाला सांगायला लागतात. कणकेत हिंग घाला, बडीशेप भाजून घाला. कुणी व्हॅनिला इसेन्स सांगतो, कुणी मटणाचा रस्सा. मी हे सगळं करून बसलोय. तीन वर्षं कोल्हापूरकडं पंचगंगेवर आणि वारणेवर जिथं बसलो तिथं चिलापीच, म्हणजे तिलापियाच लागली. हिंगाची चिलापी, बडीशेपेची चिलापी. मसाल्यानं एवढंच होतं की चिलापी जरा लवकर येते.

चिलापी मूळची आफ्रिकेतली. १९५२ साली ती भारतात आणली आणि आता संथ पाण्याचा एखादाच तुकडा तिच्यावाचून राहिलाय. ती धीट आहे, खादाड आहे, आमिष पडलं की पहिलं तोंड तिचं. तेव्हा दुसरा मासा हवा असेल तर चिलापी जिथं कमी आहे तिथं आमिष न्यायचं, एवढाच खेळ आहे. मसाला विसरा.

जागा बदला. घाटाच्या पायऱ्या, जलपर्णीची कड, गाळाचा उथळ काठ हे सगळं चिलापीचं माहेर. बंधाऱ्याखालची खळखळ, डोहात धार शिरते ते तोंड, खडकाच्या कपारी इथं बसा. धरणात आणि तलावात मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, आधी विचारून घ्या. देवाच्या डोहात गळ टाकायचा नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत महाशीर टिकलाय तो लोकांनी देवीचा म्हणून राखला म्हणूनच.

गळ लहान घ्या. दुकानदार हातात देतो तो गळ रोहूसाठी असतो. आपल्या नद्यांतल्या बऱ्याच जाती वीतभरसुद्धा वाढत नाहीत. गळाचा नंबर वाढतो तसा गळ बारीक होतो. चौदा किंवा सोळा नंबर मागा आणि त्याला शोभेल असा बारीक तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा. तरंड्याला, म्हणजे पाण्यावर तरंगून मासा लागल्याची खूण देणाऱ्या बुचाला, मोरपिसाच्या दांड्यासारखं दुसरं काही नाही. सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचे दोन तुकडे कापून त्यातून तो ओवला की दोऱ्यावर वर-खाली सरकतो. हे सरकणं पुढं लागणार आहे.

आता खरी गोष्ट, थांग काढायची. माझं घोडं इथंच अडलं होतं.

एका सकाळी बंधाऱ्याखाली शेजारी एक म्हातारे भोई बसले होते. त्यांच्या डब्यात चार जातींचे मासे, माझ्याकडं दोन चिलाप्या. मी विचारलं, "मामा, आमिष कसलं?" त्यांनी गांडूळ दाखवलं. माझ्याकडंही गांडूळच होतं. मग त्यांनी उलट विचारलं, "तुजं आमिष कुटं हाय?" मी म्हटलं पाण्यात. "पाण्यात कुटं?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. तीन वर्षं मी तरंडा अंदाजानं हातभर वर बांधत होतो आणि खाली पाणी हातभर आहे की पुरुषभर, हे एकदाही पाहिलेलं नव्हतं.

थांग अशी काढा. गळाच्या नाक्यात तरंड्याला बुडवेल एवढं जड शिसं अडकवा आणि बसल्या जागेपासून समोर टाका. तरंडा गडप झाला तर पाणी तुमच्या मापाहून खोल आहे, तरंडा वीतभर वर सरकवा. तरंडा आडवा पडला तर दोरा जास्त झाला, खाली सरकवा. नुसतं टोक पाण्याबाहेर उभं राहिलं की तळ सापडला. सहा-सात वेळा टाकावं लागतं. शेजारचे हसतील, हसू द्या.

पण एका ठिकाणी मापून थांबलात तर काही कमावलं नाही. दोन हात डावीकडं, दोन हात उजवीकडं, थोडं पुढं, असं सगळं मापा. कुठंतरी तळ एकदम खाली जातो. ती पायरी शोधायची. प्रवाहात वाहून येणारं खाणं त्या पायरीखाली साचतं आणि मासा तिथं धारेशी न झगडता बसतो. मी ज्या दगडावर तीन वर्षं बसत होतो, त्याच्यापासून पाच हातांवर अशी पायरी होती. मी दर खेपेला तिच्या अलीकडं गळ टाकत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या पोटात गांडूळ सोडलं आणि तासाभरात शिंगटी, मग एक बोगट. चिलापी एकही नाही.

इथं दोन चुका हमखास होतात. एक, सकाळी मापलेलं माप दुपारी खरं धरायचं. शेतीचा उपसा सुरू झाला की पातळी उतरते, वरून पाणी सोडलं किंवा बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या काढल्या की चढते. दर तासाला माप पुन्हा घ्या. आणि काठाशी एखादा दगड डोळ्यांनी धरून ठेवा. तो बुडायला लागला की मधल्या खडकावरून उठून काठावर या, मासा लागलेला असला तरी. दुसरी चूक अडकण्याची. तळाला आमिष म्हणजे गळ कपारीत जाणारच. शिसं मुख्य दोऱ्याला घट्ट बांधू नका, शिवणाच्या कच्च्या दोऱ्यानं लोंबतं बांधा. बहुतेक वेळा शिसंच अडकतं. मग ओढलं की कच्चा दोरा तुटतो, गळ आणि मासा हातात येतात. हे कळेपर्यंत मी एका मोसमात पाकिटंच्या पाकिटं गळ नदीला वाहिले.

तळ कळला की मग आमिष कुठं ठेवायचं हे माशाचं तोंड सांगतं. अळकुटीचं तोंड वर वळलेलं, ती वरचं खाते, तरंड्याखाली वीतभर दोरा पुरे. बोगटाचं तोंड खालच्या अंगाला, त्याला ज्वारीच्या दाण्याएवढी कणीक तळाला टेकलेली हवी. मिशा दिसल्या, म्हणजे शिंगटी, कटरणा, शिंगाळा, की तो चाचपत, वास घेत खाणारा. गढूळ पाण्यात आणि तिन्हीसांजेला, तळावरच. खरपा तेवढा फसवतो. तोंड वर, पण बसतो वाळूवर पोट टेकून. त्याला गांडूळ वाळूपासून दोन बोटं वर, हळूहळू ओढत न्यावं लागतं.

झटका कधी द्यायचा? तरंडा थरथरतोय तोवर थांबा, सरळ एका दिशेनं चालायला लागला की मनगटानं हलकेच. सापासारख्या लांब वामेला मात्र थांबायचं नाही. ती शेपटीनं कपारीत शिरली की तुम्ही, काठी आणि ती, तिघं तिथंच संध्याकाळ करता.

मासा हातात घेताना शिंगटीच्या गटाची भीती बाळगा. पाठीवर एक आणि दोन्ही पंखांत एकेक काटा ताठ उभा राहतो. माझ्या अंगठ्याच्या पेरात तो काटा गेला तेव्हा हात रात्रभर ठणकला होता. मागून, दोन्ही पंखांतल्या काट्यांच्या पाठी बोटं येतील असं धरा, नाहीतर ओल्या फडक्यात. वामेच्या पाठीवरही बारीक काट्यांची रांग असते, उलटा हात फिरवू नका.

पहिल्या पावसात चढणीचे मासे वर येतात तेव्हा गळ घरी ठेवा. पोटात गाभोळी घेऊन निघालेला मासा उचलून आपल्या जातींच्या यादीत भर घालण्यात काही कर्तब नाही.

शेवटचं, नाव. मासा ओल्या हातावर आडवा धरून पंख पसरलेला एक फोटो, तोंडाचा जवळून एक, आणि काठावर जो भोई असेल त्याच्या तोंडचं नाव वहीत. पुस्तकातलं नाव नंतर बघा, कारण कित्येकदा ते इथूनच गेलेलं असतं. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ मध्ये दख्खनच्या माशांना शास्त्रीय नावं दिली, त्यातली कित्येक इथल्या बोलीतलीच उचलून: लेबिओ बोगट, लेबिओ पोटेल, नाकाडावर टेंगूळ असलेला नुकटा. १९५२ मध्ये कोल्हापूरच्या पंचगंगेतल्या एका माशाचं नावच खवलचोर ठेवलं गेलं, कारण तो दुसऱ्या माशांचे खवले ओरबाडून खातो. एकच मासा पुण्याकडं एका नावानं आणि आमच्याकडं दुसऱ्या नावानं भेटतो, म्हणून नावाशेजारी गाव आणि नदी लिहा. पाणी किती खोल होतं तेही लिहा, पुढच्या खेपेला थांग काढायचे कष्ट थोडे कमी होतात.

बाकीचे मासे फोटो झाला की जिथले तिथं सोडा. चिलापी लागलीच तर परत सोडू नका. तिखट-मीठ लावून तव्यावर ती वाईट नसते.