एटोशात आपली गाडी, छपरावर तंबू

ताडोबात जिप्सीवाला असतो, गाइड असतो, हरणा-माकडांचा इशाऱ्याचा कॉल आला की गाडी पळते. आफ्रिकेतल्या नामिबियाच्या एटोशा राष्ट्रीय उद्यानात मीच ड्रायव्हर, मीच गाइड. पहिल्या दिवशी जनावरं शोधत दीडशे किलोमीटर धूळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी विचारलं, "वहिनी, आज जरा एका जागी बसशील का?" बसलो. त्या दोन तासांत आदल्या दिवसापेक्षा जास्त पाहिलं.

म्हणून दिवस आखताना किलोमीटर मोजू नका, पाणवठे मोजा. मे ते ऑक्टोबर पाऊस जवळजवळ नसतो. मधलं साधारण ४,८०० चौरस किलोमीटरचं मिठागरासारखं पांढरं मैदान कोरडं ठक्क, आणि त्याच्या दक्षिण कडेला झरे नि बोअरवेलचे पाणवठे. जनावराला तिथे यावंच लागतं. सकाळी एक, दुपारनंतर एक, बास. इंजिन बंद करा, पाण्याकडे खिडकी येईल अशी गाडी लावा. आधी येतात झेब्रे आणि स्प्रिंगबॉक नावाची छोटी हरणं. ते पीत पीत एकदम मान वर करून सगळे एकाच बाजूला बघायला लागले की तुम्हीही तिकडेच बघा. हत्ती इथे पांढरे दिसतात, चुनखडीच्या धुळीत लोळून.

गाडी राजधानी विंडहूकला भाड्याने घेतली, दोन रांगांच्या सीटची डबल कॅब पिकअप, फोर बाय फोर, छपरावर घडीचे दोन तंबू. गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे हात लगेच बसतो. आंतरराष्ट्रीय परवाना इथूनच काढून न्या. ताब्यात घेताना घाई करू नका. आम्हाला दिलेला गॅस सिलिंडर रिकामा निघाला, तोही रात्री, डाळ चढवायच्या वेळी. तेव्हा शेगडी त्यांच्यासमोर पेटवून बघा, तंबू स्वतः एकदा उघडून मिटा, दोन स्टेपन्या मागा, जॅक कुठे लावायचा ते विचारा, आणि हवा भरायचा कॉम्प्रेसर चालतो का बघा.

विंडहूक ते उद्यानातला ओकाउक्वेयो कॅम्प सव्वाचारशे किलोमीटरच्या वर, पण सगळं डांबरी. खडी कॅम्पच्या पुढे सुरू होते. तिथे टायरची हवा थोडी कमी करा, किती ते गाडीवाल्याकडून लिहून घ्या. उद्यानात वेगमर्यादा ताशी ६० आहे, मी चाळीसच्या वर गेले नाही. उद्यानाबाहेर खडीवर ८० च्या आतच राहा आणि समोर कुडू (मोठं हरीण) आला तर स्टिअरिंग झटकू नका. इथे अनेक अपघात जनावराला चुकवताना गाडी उलटून होतात. अंधारात अजिबात नको. बऱ्याच गाड्यांचा विमाही रात्री लागू होत नाही.

कॅम्पची फाटकं सूर्योदयाला उघडतात, सूर्यास्ताला बंद. त्या दिवसाच्या वेळा फाटकापाशीच लावलेल्या असतात, निघताना फोटो काढून ठेवा. परतीला हिशेब ताशी तीस किलोमीटरचा धरा, कारण वाटेत एखादा हत्ती रस्त्यावरच उभा राहतो आणि त्याला हॉर्न वाजवायचा नसतो. इंजिन चालू ठेवून सावकाश मागे घ्या. गाडीतून उतरायचं ते फक्त कॅम्पमध्ये किंवा कुंपणाच्या संडासापाशी, आणि तिथेही आधी चहूकडे बघून.

ओकाउक्वेयो, हलाली, नामुटोनी हे मुख्य कॅम्प. जुलै-ऑगस्टला जायचं तर काही महिने आधी बुकिंग करा. आम्ही ओकाउक्वेयोला तीन रात्री राहिलो आणि मला विचाराल तर तीनही तिथेच घालवा. कॅम्पच्या कडेला दिवे लावलेला पाणवठा, बुटकी भिंत, बाकं. नऊनंतर काळे गेंडे येतात. आवाज चालत नाही. वन्संनी बांगड्यांवर रुमाल गुंडाळला होता. पिलाला घेऊन मादी पाण्यापाशी आली तेव्हा शेजारचा जर्मन म्हातारा टोपी काढून बसला.

जुलैतल्या रात्री कडक थंड. स्लीपिंग बॅग तर हवीच, वर घोंगडीही घ्या, आणि झोपायच्या आधी पाणी कमी प्या; पहाटे दोनला शिडी उतरणं फार वाईट. चपला खाली ठेवू नका, कोल्हे नेतात. अन्न गाडीत कुलपात. हलालीत हनी बॅजर हा छोट्या अस्वलासारखा दिसणारा प्राणी कचऱ्याचे डबे उलटे करतो, आवाजाने घाबरू नका.

तांदूळ, मसूर, कांदे विंडहूकच्या सुपरमार्केटमध्ये मिळतात. मी घरून फक्त गोडा मसाला नेला. लाकूड कॅम्पच्या दुकानातून विकत घ्या, जंगलातली काटकी उचलायची नाही. निखाऱ्यावर वांगं भाजून भरीत केलं तर शेजारच्या तंबूतले वास घेत आले. कूनोत २०२२ च्या सप्टेंबरात पोचलेले आठ चित्ते याच देशातले, हे त्यांना वन्संनी मोडक्या इंग्रजीत अर्धा तास सांगितलं.

पेट्रोल तिन्ही कॅम्पांत मिळतं, पण कधी संपलेलंही असतं. अर्धी टाकी झाली की भरा.

बाहेर पडायचं नामुटोनीकडून, फॉन लिंडेक्विस्ट फाटकाने. तिथून पुढे पुन्हा डांबर. तिथेच बाजूला थांबून टायरमध्ये हवा भरा, पुढच्या त्सुमेब गावात जेवायचं म्हणून पुढे पळू नका.